ओटीतलं केशर

१

शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या गाड्या समुद्राकडे लोटत असताना अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या ‘सागरवेल बाजार’च्या दारातली कमान वाजली आणि कोकिळा घरत जागच्या जागी थांबली.

ती कमान उगाच वाजत नसे. दुकानातल्या मोलाच्या प्रत्येक वस्तूला बोटभर लांब, कागदासारखी पातळ चिप चिकटवलेली होती. गिऱ्हाइकाने वस्तू ट्रॉलीत टाकली की ट्रॉली ती चिप ओळखायची आणि दांडीवरच्या पडद्यावर नाव-किंमत उमटायची. पैसे तिथेच मोबाइलवरून भरायचे, रांगेत उभं राहायचं नाही. पैसे न भरलेली चिप कमानीखालून गेली तरच ती ओरडे. काही सीलबंद खोके पाठवणाऱ्याकडूनच चिपा लावून येत; बाकीच्या सगळ्या चिपा गोदामात बसून चिकटवण्याचं काम कोकिळाच करत होती.

ती काम आटपून घरी निघाली होती. व्यवस्थापक दिपेश पुढे आला आणि त्याने तिची पिशवी काउंटरवर ओतली. डबा, पाण्याची बाटली, एक नारळ, रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ आणि घडी घातलेला हिरवा खण, म्हणजे ओटीचा ब्लाऊजपीस. दिपेशने एकेक वस्तू कमानीखालून फिरवली. खण फिरवल्यावर कमान पुन्हा वाजली.

त्याने तो एका रिकाम्या ट्रॉलीत टाकला. पडद्यावर अक्षरं उमटली: काश्मिरी केशर, डबी, एक नग.

खणाच्या आतल्या घडीला चिप चिकटवलेली होती. केशर कुठेच नव्हतं.

भोवती गिऱ्हाइकं जमली. कोणीतरी मोबाइल वर धरला. दिपेशने दुकानाचे मालक अल्पेशशेठ यांना बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं की चैत्रापासून केशराच्या तीन डब्या कमी लागत होत्या, आता त्या कुठे गेल्या ते कळलं. डबी घरी गेली आणि काढलेली चिप पिशवीत राहिली, असा त्याचा हिशेब होता. पोलिसांत आत्ताच तक्रार द्यावी असं त्याचं म्हणणं पडलं.

कोकिळा रडली नाही. ती फक्त म्हणाली, “शेठ, उद्या संध्याकाळी माझ्या पडताळणीला हवालदार येणार आहेत. इथेच.”

तिच्या गावच्या पोलीस पाटील पदाची परीक्षा ती पास झाली होती. गावात या पदावर बाई बसण्याची ही पहिलीच वेळ. आता फक्त चारित्र्याची चौकशी उरली होती: हवालदार घरी विचारणार, कामाच्या जागी विचारणार. चोरीची नुसती तक्रार नोंदली गेली तरी नाव खाली गेलं असतं आणि पुढच्या उमेदवाराचं वर आलं असतं.

अल्पेशशेठनी दिपेशकडे पाहिलं, मग गर्दीकडे. तक्रार उद्या देऊ, एवढंच ते म्हणाले. त्यांची बायको अमिषा वरच्या मजल्यावरून हे पाहत होती. तिने मृणाल चौबळना फोन लावला.

२

मृणाल चौबळ विमा कंपन्यांसाठी नुकसानीची पाहणी करायच्या. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, रातोरात नाहीसा झालेला माल. पन्नाशी उलटलेल्या, अलिबागच्याच. लोक काय सांगतात यापेक्षा काय करायचं टाळतात याकडे त्यांचं लक्ष जास्त असे. शनिवारी सकाळी त्या स्कूटरवरून आल्या तेव्हा दुकान उघडत होतं आणि कोकिळा मागच्या दाराशी उभी होती. तिला कामावर घ्यायचं की नाही हे कोणी ठरवलं नव्हतं.

कोकिळाने सांगितलं ते सरळ होतं. शुक्रवारी सकाळी ती रेवदंड्याला सगुणामावशीकडे पास झाल्याचे पेढे घेऊन गेली. मावशीने तिची ओटी भरली. तिथून ती थेट कामावर आली, मागच्या दाराने. त्या दाराला कमान नाही. संध्याकाळी मागचं दार बंद असतं म्हणून पुढून निघाली.

“बाई, चोरलेली चिप घेऊन मी कमानीखालून चालत गेले असते का? ती काय करते ते माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?”

“घाईत माणूस विसरतो,” मृणाल म्हणाल्या.

“विसरेन. पण माझी ओटी मी स्वतःच भरून घेईन का?”

दिपेशची केबिन थंडगार होती आणि टेबलावर दोन पडदे होते. तो पनवेलच्या एका मॉलमधून गेल्या जूनमध्ये इथे आला होता. शर्टाला एक सुरकुती नव्हती. केशराचा चोवीस डब्यांचा एक खोका गोदामात असतो, छतावरचं यंत्र रोज रात्री तिथल्या सगळ्या चिपा मोजतं, आणि चैत्रात एके दिवशी चोवीसच्या एकवीस झाल्या, असं त्याने पडद्यावर दाखवत सांगितलं.

मृणालनी विचारलं, मग खोका उघडून पाहिला का?

गरज पडली नाही, तो म्हणाला. “मी आकड्यांवर चालतो, मॅडम. स्क्रीनवर एकवीस आहेत म्हणजे खोक्यात एकवीस आहेत. सील तोडलं की मालाची शान जाते.”

“पडद्यावरचा आकडा तुम्हाला बदलता येतो?”

“नाही. शेठना पण नाही. फक्त बघता येतो.”

गोदामाच्या किल्ल्या अल्पेशशेठचा पुतण्या विपुल याच्याकडे होत्या. तो तिशीतला, दाढी वाढवलेला, आणि या यंत्रांवर चिडलेला. काकांनी ट्रॉल्या आणल्यापासून गिऱ्हाईक त्याच्याशी बोलत नाही, दांडीशी बोलतं, असं तो म्हणाला. गोदामात जायची मुभा चौघांनाच होती: तो स्वतः, दिपेश, कोकिळा आणि ट्रॉल्या सांभाळणारा मितेश. तेवढ्यात त्याने एक गोष्ट सांगितली, जी दिपेशने सांगितली नव्हती. प्रत्येक वस्तूला चिप नसते. स्वस्त मालाला ती परवडत नाही. मिठाच्या गोणीला एक, काडेपेट्यांच्या पुड्याला एक, ओटीच्या खणांच्या गठ्ठ्याला एक.

“म्हणजे सुट्या खणाला चिप नसायलाच हवी.”

“नसतेच. एका खणाला चिप लावायची तर खणापेक्षा चिपच महाग पडेल.”

मितेश ट्रॉल्यांच्या रांगेत उकिडवा बसून एकीचं चाक काढत होता. तो कामोठ्याचा. यंत्रं बसवणाऱ्या कंपनीने त्याला इथे ठेवला होता आणि त्याला घरी परत जायची घाई होती. “सिस्टीम झूठ बोलत नाय, मॅडम. बंदे बोलतात,” तो म्हणाला. आकडा बदलता येतो का, असं विचारल्यावर तो हसला. “माझ्याकडे पासवर्ड आहे ना. चोवीसचे चाळीस करीन, कोणाला पत्ता नाय लागणार.” मग आपण काय बोलून गेलो ते त्याच्या लक्षात आलं आणि पाना त्याच्या हातातून खाली पडला.

मृणालनी पाना उचलून त्याच्या हातात दिला आणि चिप वाचणारं हातातलं यंत्र घेऊन आपल्याबरोबर रेवदंड्याला यायला सांगितलं.

“मी कशाला? मी काय केलं?”

“ते वाटेत ठरवू,” त्या म्हणाल्या.

३

सगुणाबाई घरामागच्या वाळूत मांडवावर बोंबील उलटवत होत्या. वारा पडला होता, वास हलत नव्हता. मितेशने नाकाला रुमाल लावला तेव्हा त्यांनी त्याच्याकडे पाहून विचारलं की हा पोरगा डॉक्टर आहे का.

खण आपणच दिला, हे त्यांनी लगेच मान्य केलं. कोकिळा त्यांच्या बहिणीची मुलगी. पोरगी पास झाली, तिची ओटी भरायची नाही तर कोणाची? खण मात्र विकत घेतलेला नव्हता. गेल्या महिन्यात थळला त्या एका बारशाला गेल्या होत्या, तिथे नेत्रा नावाच्या बाईंनी त्यांची ओटी भरली होती. तोच खण.

“तुम्ही तो उघडून पाहिला नाही?” मृणालनी विचारलं.

“वटीचा खन कोन उघडतो, बाय? आला तसा ठेवायचा. कोन आलं की त्याच्या वटीत घालायचा. शिवायला बसलं तर अंगाला पन येत न्हाय तो.”

मितेशने रुमाल खाली केला. “म्हणजे हे कोणी घालतच नाय?”

“तुझ्या आयेचं कपाट उघड,” सगुणाबाई म्हणाल्या. “किती निघतात ते मोज. मग आमाला हसायला ये.”

थळला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. नेत्राबाईंचं घर खतकारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. समोरून टँकर गेला की खिडक्यांच्या काचा थरथरत. त्यांनी कपाट उघडलं आणि सगुणाबाईंचं म्हणणं खरं ठरलं. खणांचे तीन नीट रचलेले ढीग होते. माहेरकडून आलेले, थळमधले आणि अलिबागचे. ज्याने दिला त्याच्याच ओटीत तो परत जाऊ नये म्हणून वेगळे ठेवते, असं त्या म्हणाल्या. एकदा नणंदेचाच खण नणंदेला दिला होता. अजून ऐकून घ्यावं लागतं.

मृणालनी मितेशला खूण केली. त्याने हातातलं यंत्र पहिल्या ढिगावरून फिरवलं. काही नाही. दुसऱ्यावरून फिरवलं. काही नाही. तिसऱ्यावर ते चिवचिवलं.

मितेश यंत्राच्या पडद्याकडे बघतच राहिला. मग त्याने तो मृणालकडे वळवला. काश्मिरी केशर, डबी, एक नग.

“हा आणि सगुणाबाईंना दिलेला, दोन्ही एकाच घरचे?”

“हो. मी आणि माझी जाऊ, दोघी गेलो होतो चैत्राच्या हळदीकुंकवाला. दोघींची ओटी भरली. जाऊबाईंनी त्यांचाही माझ्याकडेच टाकला.”

“कोणाकडे गेला होतात?”

नेत्राबाईंना या प्रश्नात काही विशेष वाटलं नाही. “सागरवेलच्या अमिषावहिनींकडे. आम्ही एकाच भजनी मंडळात आहोत.”

४

अमिषाने काही लपवलं नाही; लपवण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. दर चैत्रात हळदीकुंकवाला ती दुकानातलेच खण घेते. दुकानातल्या बायकांच्या ओट्याही त्यातूनच भरते. यंदा कोकिळाची भरली, गेल्या वर्षीही भरली होती. बिल करत नाही. “घरचं दुकान. घरच्या घरी कसलं बिल?” गठ्ठा मागच्या जिन्याने वर येतो, ती हवे तेवढे काढून घेते, उरलेला पुन्हा गोदामात जातो. यंदा तिला हिरवे हवे होते म्हणून वरचे सोडून अगदी तळातले ओढून काढले.

“गठ्ठा वर कोण आणतं?”

अमिषाने आधी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “विपुल.”

वरच्या खोलीत अल्पेशशेठ बसले होते, दारात कोकिळा उभी होती आणि विपुलला नुकतंच वर बोलावलं होतं. त्याने ते नाव ऐकलं आणि भिंतीला टेकला.

“काका, मी गठ्ठा आणला. एवढंच केलं. लहान होतो तेव्हापासून आणतोय.”

अल्पेशशेठ त्याच्याकडे बघेनात. ते उठले, पंख्याचं बटण उगाच वाढवून कमी केलं, आणि ठरवून टाकलं. तक्रार नाही. कोणाविरुद्धच नाही. केशर गेलं तर गेलं. कोकिळाबाईंनी कामावर यावं.

कोकिळा दारातून हलली नाही. “आणि हवालदार आले की तुम्ही काय सांगणार?”

“काही झालं नाही म्हणून सांगू.”

“काल गिऱ्हाइकांसमोर माझी पिशवी ओतली, शेठ. एका बाईने त्याचं शूटिंग केलं. गावात ते आज सकाळीच पोचलंय. काही झालं नाही म्हणालात तर लोक म्हणतील, शेठनी दयेने सोडली. पोलीस पाटलाला दयेने सोडतात का?”

“मग मी काय करू? घरातलं पोरगं पोलिसांत देऊ?”

“ज्याने केलं त्याला द्या. कोण ते मला नाही माहीत. पण मी नव्हे, हे कोणीतरी मोठ्याने बोलायला हवं.”

अल्पेशशेठनी मृणालकडे पाहिलं, जणू आता हे प्रकरण त्यांनीच मिटवावं. मृणालनी अमिषाला विचारलं की गोदामात एक ट्रॉली नेता येईल का. फक्त दोघीच, बाकी सगळे जेवायला बसलेले असताना.

गोदाम गार आणि अंधारलं होतं. केशराचा खोका वरच्या फळीवर होता, सील शाबूत. अमिषाने तो उतरवून ट्रॉलीत ठेवला. दोघी पडद्याकडे बघत राहिल्या.

पडदा कोराच राहिला.

“बिघडलीय ट्रॉली,” अमिषा पुटपुटली. मृणालनी खोका बाहेर काढला आणि त्याच्या जागी शेजारच्या फळीवरचा खणांचा गठ्ठा ठेवला. ट्रॉली लगेच बोलू लागली. खणांचा गठ्ठा, एक नग. त्याखाली केशर, केशर, केशर. पडदा भरला आणि ओळी वर सरकू लागल्या.

अमिषाने ट्रॉलीची दांडी घट्ट धरली. खोक्यात मग आहे काय, असं तिने विचारलं. संध्याकाळी उघडू, मृणाल म्हणाल्या, आणि दोन्ही वस्तू होत्या तिथे, होत्या तशा ठेवायला लावल्या.

“विपुलच ना?” अमिषाने हळूच विचारलं.

“उलट. तो सोडून कोण, हेच बघायचं आहे.”

५

दुपारी मृणाल दिपेशच्या केबिनमध्ये डोकावल्या आणि एक मदत मागितली. संध्याकाळी हवालदारांसमोर ओटीच्या खणांचा गठ्ठा उघडायचा आहे, तेव्हा एक मोठं टेबल मोकळं ठेवा. कोणाला बोलू नका, विपुललाही नाही. दिपेशने मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

मग त्यांनी विपुल आणि मितेश दोघांनाही चौलच्या नाक्यावर चहाला नेलं. दोघांना एकमेकांशी काय बोलावं कळेना. मितेशने तीन वेळा घड्याळ पाहिलं, विपुलने एकदाही नाही. वर अमिषाने नवऱ्याला जेवणानंतर खाली उतरू दिलं नाही. कोकिळाला तिने तिथेच बसवून ठेवलं होतं. गोदामात जाऊ शकणारा एकच माणूस तासभर मोकळा होता.

परतल्यावर मृणालनी सगळ्यांना गोदामात बोलावलं. तीच ट्रॉली आणली. आधी खणांचा गठ्ठा तिच्यात ठेवला. पडद्यावर एकच ओळ आली: खणांचा गठ्ठा, एक नग. केशराचं नाव नाही. मग गठ्ठा काढून खोका ठेवला. पडदा केशराच्या ओळींनी भरला आणि एकविसावर थांबला.

“बघा,” दिपेश म्हणाला. “मी हेच सांगत होतो. माल खोक्यातच आहे. तीनच कमी आहेत, आणि त्यातल्या एकीची चिप कोणाकडे सापडली ते सगळ्यांनी बघितलंय.”

अमिषा पुढे आली. “दुपारी हाच खोका मी या ट्रॉलीत ठेवला होता. तेव्हा ती काहीच बोलली नव्हती.”

मृणालनी विपुलला खोका उघडायला सांगितलं. वरची चिकटपट्टी नवी होती, अजून चकाकत होती. आत केशर नव्हतं. मिठाच्या छोट्या पुड्या गच्च बसवल्या होत्या, आणि वरच्या थरातल्या पुड्यांवर एकेक चिप घाईघाईने दाबून बसवलेली होती. काहींचे कोपरे उठले होते. एकीला हिरव्या कापडाचा धागा चिकटून आला होता.

मृणालनी धागा काढून बोटावर घेतला आणि बोलायला सुरुवात केली. घाई नव्हती आणि आवाजही चढलेला नव्हता.

केशर कधीच एकेक करून गेलं नव्हतं. सगळा खोका आधीच रिकामा झाला होता. चोराने प्रत्येक डबीची चिप सोलली, त्यामुळे डब्या कमानीखालून गपचूप गेल्या. पण चिपा फेकल्या असत्या तर त्याच रात्री मोजणीत चोवीस कमी दिसल्या असत्या. म्हणून त्या गोदामातच राहायला हव्या होत्या. यंत्र फक्त चिप गोदामात आहे का ते बघतं, ती कशाला चिकटली आहे ते बघत नाही. खोक्यात वजनाला मीठ, आणि चिपा अशा मालात, जो कोणी हलवत नाही, कोणी उघडत नाही.

“खोक्यातल्या मिठालाच का नाही लावल्या?” मितेशने विचारलं.

“कारण केव्हातरी खोका उघडला जाणार होता. मिठावर केशराच्या चिपा दिसल्या की चोर घरातला, हे लगेच कळलं असतं. चिपाच नसलेलं मीठ निघालं असतं तर दोष खोका पाठवणाऱ्यावर गेला असता. आज त्याच्याकडे वेळ नव्हता.”

मितेशला त्यांनी संशयातून आधीच वगळलं होतं. ज्याला पडद्यावरचा आकडाच बदलता येतो, त्याला चिपा सोलत बसायची गरज काय? मितेशने एवढ्या वेळात पहिल्यांदा नीट श्वास सोडला. कोकिळाची ओटी दर चैत्रात याच गठ्ठ्यातून भरली जाते. विपुल तो गठ्ठा स्वतःच्या खांद्यावरून वर नेतो. दोघांनाही माहीत आहे की हा गठ्ठा दर वर्षी सुटतो आणि त्यातले खण घरोघर जातात. चिपा लपवायला त्यांना गोदामात दुसरी जागा मिळाली नसती का?

“हा गठ्ठा कधीच हलत नाही असं वाटणारा माणूस कोण?” मृणाल म्हणाल्या. “चिपा लपवल्या तेव्हा ज्याने इथला चैत्र पाहिलेला नव्हता. आणि जो फळीकडे न बघता पडद्याकडे बघतो. दिपेशराव, या गठ्ठ्यात किती खण आहेत?”

दिपेशने उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. पण सवयीने तो बोलून गेला. “शंभर.”

विपुल हसला. ते हसू चांगलं नव्हतं. “शंभर? काकू गेल्या चैत्रात वीस घेऊन गेली, यंदा पंचवीस. दोरी मी पुन्हा बांधली. मोजून बघ.”

“विक्रीच शून्य होती,” दिपेश म्हणाला. तो कोणालाच उद्देशून बोलत नव्हता. “पूर्ण वर्षात एकदा पण नाही. मी बघितलं होतं.”

“बरोबर बघितलंत,” मृणाल म्हणाल्या. “घरच्या घरी बिल होत नाही, म्हणून ते पडद्यावर नव्हतं. चैत्रात तीन चिपा ओट्यांतून बाहेर गेल्या, तिसरी अजून कुठल्या तरी कपाटात असेल; पण त्या कुठे गेल्या हे तुम्हालाही कळेना. तुमच्या जागी दुसरं कोणीही असतं तर त्याने तेव्हाच खोका उघडून हाताने मोजला असता. आणि काल एक चिप परत आली, तेव्हा तुम्हाला पोलीस हवे होते. खोका उघडायच्या आत.”

संध्याकाळी गठ्ठा उघडणार हे दुपारी फक्त त्यालाच सांगितलं होतं, हे मृणालनी शेवटी, जवळजवळ जाता जाता सांगितलं. दिपेशने विपुलकडे, मग मितेशकडे पाहिलं. ते दोघं तेव्हा चहाला गेले होते हे कळल्यावर तो मिठाच्या गोणीवर बसला. मांडव्याकडच्या बंगल्यांत लग्नाची जेवणं करणाऱ्या एकाला त्याने डब्या दिल्या होत्या. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

अल्पेशशेठ विपुलजवळ गेले. त्यांनी त्याच्या खांद्यावरची मिठाची धूळ झटकली.

६

हवालदार बुधाजी नाईक मोटारसायकलवरून आले तेव्हा दुकान गच्च भरलं होतं. आपण एका बाईची चौकशी करायला आलो आणि इथे एक माणूस ताब्यात घ्यावा लागणार, हे त्यांच्या पचनी पडायला थोडा वेळ गेला. ठाण्यातून गाडी मागवून झाली. दिपेशला केबिनमध्ये बसवलं आणि दारात मितेश उभा राहिला, कोणी न सांगता.

मग बुधाजींनी आपलं मूळ काम काढलं. कोकिळाने त्यांना केबिनकडे जाऊ दिलं नाही. इथेच विचारा, म्हणाली, कमानीपाशी. काल जिथे पिशवी ओतली त्याच काउंटरवर त्यांनी कागद टेकवला. ट्रॉल्या घेऊन उभी असलेली माणसं थांबून बघू लागली.

उमेदवार इथे किती वर्षं काम करतात, वागणूक कशी, हे विचारून झालं. अल्पेशशेठनी दोन्हींची उत्तरं नीट दिली.

“यांच्याविरुद्ध काही तक्रार?”

अल्पेशशेठनी एकदा गर्दीकडे पाहिलं. “होती,” ते म्हणाले. आवाज आधी बसका आला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. “होती. चोरीची. काल, माझ्याच दुकानात, माझ्यासमोर. ती खोटी होती. चोर दुसराच निघाला. यांनी काही केलेलं नाही.”

बुधाजींनी पेन उचललं. “मग तक्रार ‘नाही’, असं लिहितो. विषय संपला.”

“‘नाही’ लिहू नका,” कोकिळा म्हणाली.

बुधाजींनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, तुमच्याच फायद्याचं आहे. वर साहेब ‘होती’ एवढंच वाचतील आणि प्रश्न विचारत बसतील.”

“विचारू देत. ‘होती, तपास झाला, खोटी निघाली’ असं लिहा. शूटिंग गावभर फिरलंय, हवालदारसाहेब. कागदावर ‘नाही’ असेल तर उद्या मी कोणाच्या भांडणात पडले की तो म्हणेल, हिचंही एक प्रकरण होतं, दाबलं. मला दाबलेलं नको. झालेलं हवं.”

“जागा कमी आहे त्या रकान्यात.”

“कडेला लिहा.”

बुधाजींनी चष्मा वर सरकवला. या पदाच्या चौकशा त्यांनी बऱ्याच केल्या होत्या. तक्रार लिहून घ्या म्हणून अडून बसलेला उमेदवार त्यांना आठवत नव्हता. मग त्यांनी कागद आडवा फिरवला आणि समासात बारीक अक्षरांत लिहायला घेतलं. कोकिळा शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द वाचत होती. एका शब्दावर तिने बोट ठेवलं. ‘संशयित’ नको, ती म्हणाली, ‘निर्दोष’ लिहा.

बुधाजींनी तो शब्द खोडला, वर नवा लिहिला आणि खोडाखोडीवर सही केली.